ताकसांडे सरांची माती

"मावशी, एक विचारू? ताकसांडे सर कधी बोअरचं पाणी पीतच नव्हते का हो?"

डॉ. शर्वरी आत्रामने हे विचारलं तेव्हा सरांच्या पत्नी विशाखाबाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांना हसूच फुटलं.

"अगं पोरी, कुसुमटोल्यात जन्मलेल्या माणसाला हे विचारतात होय? दात पाहिले असतेस त्यांचे! तपकिरी पट्टेच पट्टे. गुडघे आखडलेले, मान वळायची नाही. मागून हाक मारली की अख्खे वळायचे, ट्रकसारखे. गावात नळाचं गोड पाणी आलं तेव्हा पन्नाशी उलटली होती त्यांची. फ्लोराइड हाडांत बसलं की कुठं जातंय आता!"

शर्वरी हसली नाही. ती विद्यापीठातली मृदाशास्त्रज्ञ. दोन वर्षांपासून या टेकडीवरची माती मोजत होती. पोरगी सरळ, आकड्याला जे म्हणायचं तेच ती म्हणायची, वर मीठमसाला नाही. तिने हातातली टॅब्लेट विशाखाबाईंपुढे धरली.

"मग हे बघा. बेचाळीस झाडांखाली फ्लोराइड भरपूर आहे. या गावची माणसं, त्यांची हाडं, असणारच. हाडांचा चुना आहे, स्फुरद आहे. पण त्रेचाळीस नंबर..."

त्रेचाळीस नंबर म्हणजे सरांचं झाड. कडुनिंबाचं. छान कमरेइतकं झालेलं.

"तिथे काय?"

"काहीच नाही. पेंढा, भुसा, शेण, कसलंतरी पीठ. मी तीनदा तपासलं मावशी. या मातीत हाडं नाहीत."

"मशीन बिघडलं असेल तुझं."

"बाकी बेचाळीस ठिकाणी बरोबर चालतं." शर्वरीने मान खाली घातली. "मावशी, या मातीत माणूसच नाही."

हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. विशाखाबाईंच्या चपला चिखलात बुडाल्या तरी त्यांना कळलं नाही.

आता ही गोष्ट काही फार लांबच्या काळातली नाही. आज पाळण्यात जी आहेत ती तिशीला टेकतील, तेव्हाची. कुसुमटोल्याची उघडी कोळसा खाण बंद पडली होती. कंपनीने कोळसा नेला, खड्डा ठेवला, आणि खड्ड्यातून उपसलेल्या मुरमाचा एक भलामोठा डोंगर ठेवला. त्या डोंगरावर काटेरी बाभूळसुद्धा धड उगवत नव्हती. उगवायला माती लागते. मुरूम म्हणजे नुसती दगडाची भुकटी, जीव नसलेली.

नागसेन ताकसांडे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी विहारात धम्म. या दोन्हींची सांगड त्यांनी निवृत्तीनंतर घातली आणि विहाराच्या मागे 'मातीघर' उभं केलं. त्यात चार मोठी बंद पिंपं होती. लोक त्यांना कोठ्या म्हणत, धान्याच्या असतात तशा. मृतदेह कोठीत ठेवायचा, वर-खाली पेंढा, भुसा, शेण. त्यात खास जोपासलेले जिवाणू असत. ते कामाला लागले की आतलं तापमान आपोआप पासष्ट अंशांवर जातं, रोगजंतू मरतात. मग बुरशीची पांढरी जाळी पसरते आणि जे उरलं ते फोडते. कोठी आतल्या आत फिरते, हाडं दळते. चाळीस दिवसांनी दार उघडलं की काळीभोर, पावसानंतर येतो तशा वासाची माती. एका माणसाची एक बैलगाडी भरून होते. ती डोंगरावर न्यायची, त्यात झाड लावायचं. संपलं. ना धूर, ना लाकूड.

"एका चितेला तीन क्विंटल लाकूड लागते," सर सांगत. "मेल्यावर एक झाड खाऊन जायचं की एक झाड देऊन जायचं, एवढाच प्रश्न आहे. तथागतांनी सांगितलं, जे जे घडलं ते ते मोडणार. मग मोडणाऱ्या गोष्टीला कवटाळून बसायचं, की मोडून कुणाच्या उपयोगी पडायचं?"

बोलणं असं की ऐकणाऱ्याला मरणाचं भय तर सोडाच, थोडी घाईच व्हावी!

लोक आधी बिचकले, मग एकेक करत तयार झाले. पण सरांचा एक नियम फार जड होता. देह पांढऱ्या सुती कापडात शिवायचा, आणि एकदा टाके पडले की उघडायचा नाही. चेहरा पाहण्याचा हट्ट करायचा नाही. "श्वास थांबला की तो माणूस नाही. चेहरा पाहता आणि मोह तिथूनच पुन्हा सुरू होतो," असं त्यांचं म्हणणं. दौलतबापू रामटेक्यांची बायको गिरजाबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात वारली; विशाखाबाईंनी तिथेच जाऊन टाके घातले आणि गावात आली ती शिवलेलीच. बापू बोटभर कापड उसवा म्हणून हात जोडत होते. सरांनी त्यांचा हात हातात धरून अर्धा तास समजावलं. बापूंनी ऐकलं. तेव्हापासून बापू रोज सतरा नंबरच्या झाडाखाली जाऊन बसायचे आणि झाडाशी बोलायचे. झाड काय बोलणार! पण ते बसायचे.

दोनेक वर्षांपूर्वी सरांना यकृताचा कॅन्सर निघाला. मुलगी संघमित्रा नागपूरला भूलतज्ज्ञ, तिच्याकडेच उपचार. मागच्या वर्षी, शेवटच्या आठवड्यात, सर विशाखाबाईंना म्हणाले, "तू गावी जा. मातीघर बघ. इथे बसून रडशील, आणि आपण लोकांना जे शिकवलं ते वाया जाईल." बाईंना जायचं नव्हतं. पण एक्केचाळीस वर्षं ज्याचं ऐकलं त्याचं शेवटी कसं मोडणार? त्या आल्या. तिसऱ्या दिवशी गाडीतून शिवलेला देह आला. सगळी वस्ती पाहत होती. बाईंचा हात कापडाच्या टाक्यांपर्यंत गेला, तिथे थांबला आणि परत आला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आयाबाया म्हणाल्या, "बाई असावी त अशी!"

आणि त्या कापडात म्हणे कसलंतरी पीठ होतं.

"अहवाल कधी द्यायचाय तुला?" विशाखाबाईंनी विचारलं.

"आठ दिवसांनी. सरांच्या स्मृतिदिनालाच मागितलाय. अकरा गावचे लोक यायचे आहेत ना देह मातीघराला द्यायचा संकल्प करायला, त्यांच्यासमोर वाचायला." शर्वरीने त्यांच्या हातातून पाइप घेऊन नळ बंद केला. "मी आकडा बदलणार नाही मावशी. पण तोवर कुणाजवळ बोलणारही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने विशाखाबाई नागपूरला गेल्या. लेकीने दार उघडलं. आईच्या हातात पिशवी नाही, डबा नाही, हे पाहूनच तिचा चेहरा उतरला.

"आई? न कळवता?"

"तुझ्या बापाला कुठे ठेवलंस मित्रा?"

लेक आधी उगाचच "म्हणजे काय" वगैरे म्हणाली. मग शर्वरीचे आकडे ऐकले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसली. डॉक्टर असली म्हणून काय झालं, फ्लोराइडचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

"शीतालयात," ती म्हणाली.

"म्हणजे त्या गोठवून ठेवतात त्यांच्याकडे? मेलेल्यांना?"

"आई, ते अजून... म्हणजे कायद्याने गेलेच आहेत. पण पेशी शाबूत आहेत. पुढे यकृताचा इलाज निघाला, तर..."

"आणि कोठीत मी काय ठेवलं? हात जोडून कशाला वंदन केलं मी?"

बाईंनी टेबलावर हात आपटला.

"बोल ना! डॉक्टरीण ना तू?"

"पर्यायी देह म्हणतात त्याला." तिचा आवाज पार बारीक झाला. "पुष्कळ घरांत असं गोठवणं चालत नाही. विधी करायला काहीतरी हातात लागतं. म्हणून तेच बनवून देतात. कोंडा, ज्वारीचं पीठ, डिंक. वजन तेवढंच, उंची तेवढीच. जाळलं तर जळतं, पुरलं तर कुजतं."

ऐकून बाईंना शिसारी आली. ज्वारीचं पीठ! भाकरीचं पीठ! वर्षभर त्या भाकरीच्या पिठाला पाणी घालत होत्या, त्याच्याशी दिवसभराचं बोलत होत्या, बाहेरगावच्या लोकांना बोट दाखवून "हे आमचे सर" म्हणून सांगत होत्या.

"तू केलंस हे? बाप सोडवेना म्हणून?"

"नाही गं आई." लेक रडायला लागली. "मला वाटलं असतं तरी माझी हिंमत झाली नसती. बाबांनीच फोन करून बोलावून घेतलं. जाण्याच्या आठ महिने आधी. म्हणाले, मित्रा, मला भीती वाटते. रात्र रात्र झोप लागत नाही. मी म्हटलं, आईला सांगा. तर म्हणाले, तिच्यासमोर मला भिता येत नाही. ती माझं ऐकून ऐकून खरंच धीट झाली आहे. मी भ्यायलो तर तिच्या नजरेत काय राहीन? ती हसेल मला."

नवऱ्याने बाहेर दुसरं घर केलेलं निघतं, तेव्हा बायकांना जे होतं तेच विशाखाबाईंना झालं. फरक एवढाच की इथे दुसरी बाई नव्हती, दुसरा नागसेन होता. आणि तो लेकीला भेटत होता, बायकोला नाही.

"मला रडूसुद्धा दिलं नाही गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "स्वतः भीत होते आणि मला म्हणाले, रडू नको. माझं रडणंही लुबाडलं. आणि तू त्यात सामील!"

"आई, मरणाऱ्या माणसाने हात धरून मागितलं..."

"मग मी कोण होते? शेजारीण?"

चहा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "चल. दाखव मला."

शीतालय शहराबाहेर होतं. बाहेरून एखाद्या मोठ्या गोदामासारखं, आतून दवाखान्यासारखं चकचकीत. व्यवस्थापक लाडे नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, बोलायला अत्यंत मऊ. अशा जागी मऊच माणसं ठेवतात. त्यांनी न विचारताच सगळं समजावलं.

माणूस नुसता गोठवला तर शरीरातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे सुईसारखे कण पेशी फाडून टाकतात. म्हणून हृदय थांबल्याबरोबर रक्त काढून तिथे गोठणरोधक द्रव भरतात आणि झपाट्याने थंड करतात. मग बर्फ होतच नाही, शरीर काचेसारखं होतं. शून्याखाली एकशे पस्तीस अंश. तिथे काळ जवळजवळ थांबतो. अडचण असते ती परत गरम करण्यात; बाहेरचं आधी तापलं आणि आतलं राहिलं तर काचेला तडा जातो. त्यावर आता तोड निघाली आहे. त्या द्रवातच लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडलेले असतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की शरीर आतून-बाहेरून एकाच वेळी तापतं. दोन वर्षांपूर्वी याच रीतीने एक डुकरीण उठवली, ती चार दिवस जगली.

"आणि माणूस?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही. पण होईल."

"वीज किती लागते हो याला?"

लाडे जरा चपापले. नातेवाईक असं विचारत नाहीत. "अखंड लागते. एक मिनिट बंद चालत नाही. सौर आहे थोडी, बाकी तुमच्याच भागातून येते. औष्णिक केंद्रातून."

"म्हणजे कोळसा."

"हो."

पलीकडे वढोलीला नवी खाण सुरू झाली होती. तिथल्या विहिरी आटल्या, शेतं खचली. ज्या खड्ड्याची जखम बुजवायला कुसुमटोल्याने आपले बेचाळीस देह दिले, तसाच दुसरा खड्डा खणून सरांना थंड ठेवत होते. बाईंना वाटलं, हे सरांनाच सांगावं, त्यांनी यावर फर्मास व्याख्यान दिलं असतं. मग आठवलं, की सर म्हणजेच ते.

लाडेंनी एका भिंतीशी नेलं. उंच, चकाकत्या टाक्यांची रांग होती. एकीवर नाव होतं. टाकीला काच नसते, आत काही दिसत नाही. चेहरा इथेही नाहीच.

मग त्यांनी सरांच्या संमतीचं चित्रण दाखवलं. कायद्याने ते करावंच लागतं. पडद्यावर सर दिसले, लेकीच्या घरच्या पलंगावर, गालफडं बसलेली. विशाखाबाईंनी हा चेहरा कधी पाहिला नव्हता. घरी सर आजारी होते, पण असे नव्हते. इथे त्यांचे डोळे भिरभिरत होते.

"मी पूर्ण शुद्धीवर आहे," सर म्हणत होते. "कुणी दबाव आणलेला नाही. मी... चाळीस वर्षं लोकांना शिकवलं. मला वाटलं, शिकवता शिकवता येईल. नाही आलं. मला मरायचं नाही. विशाखाला कळवू नका. तिला वाटतं मी तयार आहे."

पडदा काळा झाला. संघमित्रा हुंदके देत होती. विशाखाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लाडे म्हणाले, "ताई, एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. पत्नी हयात असेल तर तिची सही लागते. सरांनी ती घेतली नाही, मुलीची घेतली. अशा वेळी पत्नीला एक वर्षाची मुदत असते. तुमचा नकार असेल तर या अर्जावर सही करा, फोनवरून पाठवला तरी चालतो, देह तुमच्या ताब्यात. स्मृतिदिनाच्या संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर हक्क संपतो."

"आई, नको!" संघमित्राने आईचा दंड धरला. "तू सही केलीस तर बाबांना दुसऱ्यांदा मारशील."

"पहिल्यांदा मेले कुठे ते?" बाई म्हणाल्या. अर्ज त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढचे सहा दिवस विशाखाबाईंनी काय केलं असेल? गादीवर पडून छताकडे पाहिलं, हे तर आहेच. पण एक विचार त्यांना सोडत नव्हता. सही करायची, देह आणायचा, गुपचूप कोठीत ठेवायचा. चाळीस दिवसांत माती. ती नेऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी घालायची. शर्वरीला म्हणायचं, अहवाल दोन महिने लांबव आणि मग पुन्हा तपास बाई. फ्लोराइड सापडेल, हाडं सापडतील. सरांचा शब्द खरा ठरेल, अकरा गावं संकल्प करतील, आणि कुणालाही काही कळणार नाही. सगळ्यांचं भलं! शिवाय रागही शमेल. "भ्यायलात ना? घ्या आता, झालात माती!" असं त्या रिकाम्या खोलीत एकदा मोठ्याने म्हणाल्यासुद्धा. म्हणून बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

स्मृतिदिन उजाडला. डोंगराखाली मांडव. अकरा गावची अडीचशे माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यात. बाजूला भोजनदानाचा भात शिजत होता. टेबलावर संकल्पाचं रजिस्टर उघडं ठेवलेलं. काहींनी आल्याआल्या नावं लिहूनही टाकली होती. संघमित्राही आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. शर्वरीच्या मांडीवर अहवालाची फाईल. दुपारचे चार वाजले होते. बाईंच्या पर्समध्ये अर्ज होता आणि पेनही.

पंचशील देण्याचा मान त्या दिवशी विशाखाबाईंचा होता. त्या म्हणतील, मागून सगळे म्हणतील. त्यांनी सुरुवात केली. पहिलं शील, जीव घेणार नाही. अडीचशे आवाज मागून आले. दुसरं, न दिलेलं घेणार नाही. इथे बाईंची जीभ जरा अडखळली. लोकांना वाटलं, सरांच्या आठवणीने गहिवरल्या. तिसरं झालं. चौथं आलं.

चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही.

बाई थांबल्या. लोक वाट पाहू लागले. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो घेतला, ठेवून दिला आणि म्हणाल्या, "हे मला आज म्हणता येत नाही. आधी एक सांगते, मग म्हणते."

आणि त्यांनी सांगितलं. कडुनिंबाचं झाड, पीठ, शीतालय, चित्रण. सरांची भीतीही सांगितली. लेकीचं नाव मात्र घेतलं नाही, ते संघमित्रानेच मागून उभं राहून सांगितलं, "सही मी केली."

मांडवात एकदम गलका उसळला.

"फसवलं आमाले!"

"आमच्या मायले कोठीत टाकाले लावलं अन् सोता फ्रीजमंदी जाऊन बसला!"

"खोडा रे नाव माहं!"

रजिस्टरभोवती झुंबड उडाली. लिहिलेली नावं लोक आपल्या हाताने खोडू लागले. एका म्हातारीने तर शर्वरीचाच हात धरला, "बाई, माहा पोरगा तरी हाय का थो नवव्या झाडात, का थेही पीठच?"

शर्वरी खुर्चीवर चढली. तिला भाषण येत नव्हतं. तिने फाईल उघडली आणि नुसती वाचत सुटली. एक नंबर, हरिदास उमरे, हाडं आहेत, फ्लोराइड आहे. दोन नंबर, कौतिकाबाई शंभरकर, आहेत. एकेक नाव, एकेक "आहे". लोक आपल्या माणसाचं नाव येईपर्यंत श्वास धरून होते आणि आलं की खाली बसत होते. "सतरा. गिरजाबाई रामटेके. आहेत."

दौलतबापू काठी टेकत पुढे आले. ऐंशीचे होते. लोकांनी वाट करून दिली.

"माही गिरजा हाय, थे बरं झालं," ते म्हणाले. "पण बाई, मी तिचा चेहरा नाही पाह्यला. सर म्हणे, मोह होते. मी म्हटलं, एवढा शिकेल माणूस सांगून रायला, खरंच असन. मोह होता त होता ना व! माहाच होता, कोणाच्या बापाचा नव्हता. त्यायले सोताले मोह सुटला नाही, अन् माहा सोडवला?"

विशाखाबाईंनी बापूंना आपली खुर्ची पुढे केली.

"माझं चुकलं बापू," त्या म्हणाल्या. "टाके मीच घालत होते."

"आता कागद हाय म्हणते ना तुह्याजवळ?" मागून कुणीतरी ओरडलं. "कर सही! आण त्याले! टाक कोठीत!"

"आणा! आणा!" साऱ्या मांडवाने उचलून धरलं.

बाईंनी पर्समधून अर्ज काढला. टेबलावर ठेवला. पेन ठेवलं. पाच वाजायला आले होते. संघमित्रा उठून पुढे आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"मला राग नाही असं समजू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांचा मिळून जेवढा आहे, त्याहून मला एकटीला जास्त आहे. सहा दिवस मी हाच विचार करते आहे. पण आता तुम्हीच माझ्या मागून म्हणालात, न दिलेलं घेणार नाही. गिरजाबाईंनी देह दिला. हरिदासभाऊंनी दिला. यांनी नाही दिला. कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की देत नाही. मग मी ओढून आणला तर ती चोरी. चोरीच्या मातीत मी झाड लावू? भ्यालेला माणूस पुरून काय धीट माती होणार आहे?"

"मंग त्या कोळशाचं काय? आमी खड्डा बुजवाचा, अन् त्यायनं खणाचा?" वढोलीचा एक जण तावातावाने उठला.

"त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. आपण बुजवत राहायचं, एवढं कळतं."

हे ऐकून सगळे निवळले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. निम्मे लोक न जेवता गेले. जे थांबले ते भाताभोवती बसून सरांना शिव्या देत जेवले, आणि त्यात बाईंनाही चार पडल्या. अर्ज टेबलावर तसाच होता. सहा वाजून गेले, तेव्हा संघमित्राने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाईंनी ते बाजूला केलं नाही; पण हातही फिरवला नाही. एवढ्यात नाही फिरणार.

बापूंनी मात्र जाण्याआधी नियम बदलून घेतला. यापुढे टाके पडण्याआधी घरच्यांनी चेहरा पाहायचा, पाहिजे तितका वेळ. रडायचं तर रडायचं. विशाखाबाईंनी तो रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. इतक्या वर्षांत त्यांचं नाव तिथे नव्हतंच. सरांची बायको म्हणून ते कुणी मागितलं नव्हतं. "मलाही भीती वाटते हो," त्या बापूंना म्हणाल्या. बापू म्हणाले, "वाटणारच. मरण हाय थे, लगीन नोय." त्या दिवशी रजिस्टरमध्ये नऊ नावं राहिली.

चार दिवसांनी लाडेंचा फोन आला.

"ताई, मुदत संपली. आता सर आमच्याकडेच. तुम्हाला वर्षातून एकदा निरोप ठेवता येतो. ते उठतील तेव्हा सगळ्यात आधी त्यांना ऐकवला जाईल. आत्ता ठेवायचाय का काही?"

विशाखाबाई डोंगरावर होत्या. शेजारी सतरा नंबरखाली दौलतबापू बसले होते. बाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

बापूंनी फोन तोंडाजवळ धरला. "सर, जय भीम. मी दौलत. तुमी उठसान तवा मी नसन. माह्या गिरजेचा चेहरा कसा होता शेवटी, थे कोणाले ठाऊक नाही. एवढंच होतं."

मग फोन बाईंकडे आला. त्यांनी तो आधी पदराला पुसला. पलीकडून लाडे म्हणाले, "ताई, रेकॉर्डिंग सुरू आहे."

"अहो," बाई म्हणाल्या, "मी विशाखा. तुम्ही उठाल तेव्हा मला शोधू नका, मी माती झालेली असेन. तुमचं मी कुणापासून लपवलं नाही. शिव्या खाल्ल्या, पुढेही खाईन. ते जाऊ द्या." त्यांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ घेतला. "इतकी भीती वाटत होती, तर मला उठवायचं ना हो. शेजारीच तर झोपले होते मी."